सोयाबीन बीजप्रक्रियेचे व्हिडिओ: मोबाइलवर पाठवावेत की गावात बसून दाखवावेत?

तेरणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी १४ गावांत आहे. सभासद बहुतेक दोन ते पाच एकरवाले, खरिपात सोयाबीन-तूर, बियाणं बरंचसं घरचं. उगवण तपासणं, बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध लावणं) आणि पेरणीची खोली ही तीन कामं नीट झाली तर दुबार पेरणीची पाळी बऱ्याच जणांवरची टळेल, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. करणारे मोजके.

गेल्या खरिपाआधी एका तज्ज्ञांचं व्याख्यान चित्रित करून १८ मिनिटांचा व्हिडिओ सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकला. अंगठे भरपूर आले. जूनमध्ये चाड्यात (तिफणीवरच्या बियाण्याच्या वाटीत) पाहिलं तर बियाणं पिवळंच, औषधाच्या रंगाचा पत्ता नाही.

या वेळी नीट करायचंय. विचारायचं ते असं:

१. व्हिडिओ किती मिनिटांचा, आणि त्यात काय काय घ्यावं?
२. दोन मुलं आहेत, दोघांकडे साधे स्मार्टफोन. तेवढ्यावर भागेल की कॅमेरा घ्यावा?
३. गटावर टाकणं आणि गावात पडद्यावर दाखवणं यात खरंच फरक पडतो का? प्रोजेक्टर घेतला तर कसा घ्यावा?
४. लोकांनी काम केलं की नुसतं पाहिलं, हे कसं ओळखायचं?

हातात साधारण ४० हजार रुपये आहेत.

वाफसा

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर ठरतात.

दूरदर्शनवर 'कृषी दर्शन' २६ जानेवारी १९६७ ला सुरू झालं. म्हणजे शेतकऱ्याला पडद्यावर शेती दाखवण्याला आपल्याकडे पन्नासाहून जास्त वर्षं झाली. माहिती पोचली, पण समोर बसलेल्याने मध्येच थांबवून 'हे माझ्या रानात कसं जमेल?' असं विचारायची सोय त्यात नव्हती. २००६ पासून बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये 'डिजिटल ग्रीन'चा प्रयोग झाला, कर्नाटकातल्या गावांत. तिथे त्याच भागातल्या शेतकऱ्यांचे छोटे व्हिडिओ, गावातल्याच एका माणसाला थोडं मानधन देऊन, लहान गटांना दाखवले. मध्ये थांबवायचं, प्रश्न घ्यायचे, नंतर शेतावर जाऊन बघायचं. नेहमीच्या, तज्ज्ञाने गावात येऊन सांगायच्या विस्तार पद्धतीशी तुलना केली तेव्हा खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ही रीत दहापट परिणामकारक निघाली. हा आकडा सांगताना लोक 'व्हिडिओ दहापट चांगला' असं सांगतात, ते चुकीचं आहे. मोजमाप अख्ख्या पद्धतीचं होतं, त्यात तो थांबवणारा माणूस आला. तुमच्याकडे व्हिडिओ होता, थांबवणारा नव्हता.

आता लांबी. एका व्हिडिओत एकच काम, सहा ते आठ मिनिटं. तुमच्या १८ मिनिटांत दहा-बारा कामं असणार, वाण निवडीपासून तणनाशकापर्यंत. पाहणाऱ्याला शेवटचं तेवढं आठवतं. तुमच्यासाठी असे तुकडे पाडा: (अ) उगवण चाचणी, (आ) बीजप्रक्रिया, (इ) पेरणीची खोली. हवा तर चौथा, पाऊस मोजणं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं सगळे सांगतात, तो मोजायचा कशाने हे कुणी दाखवत नाही. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवून त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की झालं. निमुळती बाटली किंवा बादली चालत नाही, तोंड रुंद आणि बूड अरुंद असलं की आकडा खोटा येतो.

वेळापत्रक उलटं मांडा. चाचणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी, म्हणजे बियाणं नापास झालं तर दुसरं शोधायला महिना मिळतो. म्हणून तो व्हिडिओ एप्रिलअखेर तयार पाहिजे. चाचणी आणि बीजप्रक्रिया घरात, ओसरीवर चित्रित होतात, त्यांना हंगाम लागत नाही. पेरणीच्या खोलीला ओली जमीन लागते. ते चित्रीकरण या खरिपात करा आणि पुढच्या खरिपात दाखवा. याच खरिपात घाई केली तर व्हिडिओ तयार होईपर्यंत पेरण्या उरकलेल्या असतील. याच न्यायाने बियाणं साठवणुकीचा व्हिडिओ ऑक्टोबरच्या मळणीत घेऊन ठेवा: मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास उतरवणं, पोती न आपटणं, थप्पी उंच न लावणं. सोयाबीनची उगवण मे महिन्यात तपासली जाते, पण बिघडते ती बरीचशी मळणीत.

उगवण चाचणीच्या व्हिडिओचा कच्चा आराखडा देतो. वहीचं पान उभं दुमडा, डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय बोललं जाईल. सात मिनिटांना ५०० शब्दांच्या वर जाऊ नका. हाताचं काम चालू असताना गप्प राहिलेलं चालतं, किंबहुना राहावंच.

पहिली ३० सेकंदं: तासात पडलेल्या नांग्या (न उगवलेल्या मोकळ्या जागा), जवळून. नाव-गाव, नमस्कार-चमत्कार नंतर.

मग नमुना. इथेच सगळे चुकतात. लोक चाचणीसाठी टपोरे दाणे वेचून घेतात, उगवण ८५ टक्के येते आणि शेतात ६० च उगवतं. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढताना दाखवा, तीन मुठी एकत्र करून न निवडता १०० दाणे मोजताना दाखवा. फुटका दाणा हातात आला तर तोही मोजायचा, हे तोंडाने म्हणायचं आणि कॅमेऱ्यासमोर तो फुटका दाणा ओळीत ठेवायचा.

मग गोणपाट भिजवून, पिळून, पसरून दहा-दहाच्या दहा ओळी. दाण्यांमध्ये बोटभर अंतर. वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी, दोन्ही टोकं सैल बांधून सावलीत. पाणी शिंपडायचं ते ओल टिकण्यापुरतं. गुंडाळीतून पाणी ठिबकत असेल तर दाणे कुजतात आणि चांगलं बियाणं नापास होतं. पुढचे दिवस त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून रोज एक-एक दृश्य घ्या.

सहाव्या दिवशी मोजणी. कोणता कोंब धरायचा हे जवळून दाखवा: मूळ आणि कोंब दोन्ही धडधाकट आहेत तो धरायचा. नुसतं मूळ फुटलेला, दल (दाण्याची फाक) तुटलेला, बुरशी आलेला धरायचा नाही. दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवून किमान २० सेकंद दृश्य स्थिर ठेवा.

शेवटी हिशोब, कागदावर मोठ्या आकड्यांत. ७० टक्के किंवा वर असेल तर एकरी ३० किलो. खाली उतरलेल्या प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो जास्त: ६९ ला साडेतीस, ६५ ला साडेबत्तीस, ६० ला ३५. साठच्याही खाली असेल तर ते बियाणं पेरायचं नाही. हेक्टर, क्विंटल हे शब्द टाळा. एकर आणि ३० किलोची बॅग हीच लोकांची मापं आहेत.

चाडं_नळी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कॅमेरा घेऊ नका, माइक घ्या. चित्र थोडं कमी-जास्त असलं तर लोक चालवून घेतात, आवाज कळला नाही की उठून जातात. कॉलरला लावायचा वायरचा माइक हजाराच्या आत मिळतो. फोनला ३.५ मिमीची खाच आहे का ते आधी बघा, नसेल तर सी-टाइपचा घ्या. फोनचा माइक चार पट्ट्यांच्या पिनचा असतो, कॅमेऱ्यावाला तीन पट्ट्यांचा फोनमध्ये लागतो पण आवाज घेतच नाही, आणि घरी आल्यावर कळतं. दहा सेकंद चित्रित करून इअरफोन लावून ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. वाऱ्यासाठी स्पंज पुरत नाही, केसाळ टोपी लावा किंवा माइक शर्टाच्या आतून घ्या. फोन फ्लाइट मोडवर. ट्रॅक्टर, पंप, गिरणी बंद होईपर्यंत थांबा.

फोनच्या सेटिंगचं:

आडवा धरा. उभं चित्र पडद्यावर मधल्या तिसऱ्या हिश्शातच दिसतं. १०८० पुरेसं आहे, ४के घेतलं तर जुना फोन तापून मध्येच बंद पडतो. घरात ट्यूब किंवा एलईडीखाली काळे पट्टे सरकताना दिसले तर सेकंदाला २५ फ्रेमवर या, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. चित्र कोणत्या पद्धतीने साठवतोय तेही बघा. बरेच नवे फोन आपोआप एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये साठवतात, आणि स्वस्त प्रोजेक्टर ते एकतर उघडत नाही किंवा अडखळत चालवतो. शेवटची फाइल एच.२६४, एमपी४ अशीच काढा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या.

उजेड सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. बारा वाजता औषध लावलेला गुलाबी दाणा पांढराफटक दिसतो, आणि बीजप्रक्रियेच्या व्हिडिओत सगळी मदार त्या रंगावर आहे. दाण्यावर बोट दाबून धरून प्रकाश आणि फोकस कुलूपबंद करा, नाहीतर हात मध्ये आला की चित्र उजळतं, हात गेला की काळवंडतं.

हाताच्या कामाचं चित्रण समोरून घेऊ नका. करणाऱ्याच्या खांद्यावरून घ्या, म्हणजे पाहणाऱ्याला आपलेच हात काम करताहेत असं दिसतं, डावं-उजवं उलटत नाही. माणूस बोलत असेल तेव्हा कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. तेलंगणात जहीराबादजवळ पस्तापूरच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायका वर्षानुवर्षं चित्रफिती बनवतात. त्या वरून खाली घेतलेल्या दृश्याला 'पटेल शॉट' म्हणतात, कारण पाटील मंडळी तशी बघतात. डोळ्याला डोळा भिडवून घेतलेलं ते 'संघम शॉट', संघम म्हणजे त्यांचा बायकांचा गट. मुलांना शिकवायला याहून सोपी व्याख्या मला सापडली नाही.

ड्रोन, झूम, मागे वाजणारं संगीत हे सगळं गाळा. ड्रोनमधून पेरणीची खोली दिसत नाही.

एक गोष्ट मात्र फार गांभीर्याने घ्या: पाहणारा चूकही तशीच उचलतो. औषध लावणाऱ्याच्या हातात मोजे नसतील, तोंडाला रुमाल नसेल, मागे मूल खेळत असेल, तर पुढे ५०० घरांत तसंच होणार. आवाजात 'मोजे घाला' म्हणून भागत नाही. शिवाय पाकिटावरचं कंपनीचं नाव चित्रात येऊ देऊ नका, कागद चिकटवा. नाव दिसलं की व्हिडिओ जाहिरात ठरतो, आणि ते दुकानात मिळालं नाही की माणूस कामच सोडून देतो. घटकाचं नाव मोठ्या अक्षरात दाखवा.

बांधावरची

दाखवण्याबद्दल लिहिते, कारण शूटिंगवर सगळे लिहितात आणि दाखवण्याला 'लावलं की झालं' समजतात.

प्रोजेक्टर घेताना डब्यावरच्या '६००० लुमेन'वर जाऊ नका. एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर दुसरं दुकान. १०० ते २०० एएनएसआयचा, बॅटरीवर दीड-दोन तास चालणारा छोटा प्रोजेक्टर अंधारात चार-साडेचार फूट रुंदीचं चित्र स्वच्छ देतो. २०-२५ लोकांना तेवढं बास. त्याहून मोठं चित्र ओढलं की फिकट होतं आणि दाण्याचा रंग कळत नाही. पडद्याला पांढरी चादर चालते, पण ताणून बांधा आणि मागे भिंत हवी, नाहीतर अर्धा उजेड आरपार जातो.

स्पीकर वेगळा घ्या आणि तो पडद्याजवळ ठेवा. प्रोजेक्टर लोकांच्या मध्ये असतो, त्याचाच आवाज वापरला तर पाठीमागून आवाज आणि समोर चित्र असं होतं, शिवाय त्याच्या पंख्याची घरघर. लोड शेडिंगचं वेळापत्रक काहीही असो, सगळं आदल्या रात्री चार्ज. तुमच्या ४० हजारातला निम्म्याहून जास्त भाग प्रोजेक्टर आणि स्पीकर घेतील. दोन घेण्यापेक्षा एकच घेऊन गावांच्या पाळ्या लावा.

दिवसा प्रोजेक्टर निरुपयोगी. आणि बायका तर दिवसाच भेटतात, बचत गटाच्या बैठकीत. बियाणं निवडणं, वाळवणं, पुष्कळ घरांत औषध लावणंसुद्धा बाईच्याच हातात असतं, आणि रात्री आठच्या चावडीवरच्या खेळाला ती येत नाही, आली तर मागे बसते. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा टीव्ही मागून घ्या. तो नसेल तर एक टॅब आणि पाच-सहा जणी, दोन वेळा. पुरुषांना दाखवला म्हणजे घरात पोचला असं धरू नका.

व्हिडिओ तीन-चार ठिकाणी थांबवायचाच. कुठे, ते दाखवणाऱ्याच्या कागदावर मिनिट-सेकंदासकट लिहिलेलं असू द्या. थांबवून 'कळलं का?' विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. 'आता पुढे हे काय टाकतील?' असं विचारायचं. चुकीची उत्तरं येतात, हसाहशी होते, मग पुढचं बघायचं. ज्याने चुकीचं सांगितलं त्याला ते जन्मभर लक्षात राहतं.

व्हिडिओ संपला की पिशवीतून किलोभर सोयाबीन आणि ताडपत्रीचा तुकडा काढायचा आणि दोघांना करायला लावायचं. मग वहीत नाव, कोणत्या तारखेला करणार, आणि त्याने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा. प्रश्नांची वही सांभाळा, पुढचा व्हिडिओ त्यातूनच निघतो.

दाखवणारी व्यक्ती गावातली, स्वतः सोयाबीन पेरणारी. कृषी सखी (शेतीचं प्रशिक्षण घेतलेली गावातली बाई) असेल तर उत्तमच. तिला सगळी उत्तरं यायला हवीत असं मुळीच नाही. 'हे विचारून परवा सांगते' म्हणता आलं पाहिजे, आणि परवा सांगितलं पाहिजे.

निंबोळी_अर्क

वरच्या सगळ्यांशी नव्वद टक्के सहमत. राहिलेल्या दहाबद्दल.

पहिलं, मोबाइलला इतकं खाली उतरवू नका. शिकवायला तो कमी पडतो, आठवण द्यायला त्याच्यासारखं साधन नाही. गावात दाखवून झालं की पेरणीच्या आठवड्यात त्याच व्हिडिओतला ३० ते ४० सेकंदांचा तुकडा पाठवा, फक्त क्रम आणि माप. सात मिनिटांची अख्खी फाइल पाठवलीत तर ४८० च्या चित्रालाही ५० एमबी लागतात, ज्याच्याकडे रोजचा डेटा संपलेला असतो तो उघडतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप चित्र आणखी दाबतं, त्यामुळे बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. अक्षर चित्राच्या उंचीच्या किमान बाराव्या हिश्शाएवढं ठेवा. फाइलला नाव द्या 'सोयाबीन-औषध-लावणे', नुसते आकडे नकोत, सहा दिवसांनी शोधता आली पाहिजे. साधा फोन असणाऱ्यांना त्याच आवाजाचा एक मिनिटाचा कॉल.

दुसरं, प्रत्येक गावात वेगळं शूटिंग करण्याच्या फंदात पडू नका. 'आपल्याच गावचा शेतकरी' याचं स्तोम फार माजलंय. बांगलादेशातल्या बायकांनी भाताचं बियाणं निवडून, वाळवून, साठवताना दाखवलेले व्हिडिओ पश्चिम आफ्रिकेत तिथल्या भाषांत आवाज बदलून चालले. का चालले? कारण त्यात 'असं करा'च्या जोडीला 'असं केल्याने दाण्यात काय होतं' हे दिसत होतं. कारण कळलं की माणूस आपल्या साधनांत ते बसवून घेतो. १४ गावांना एकच व्हिडिओ पुरेल. फक्त शेतकरी निवडताना तीन-चार एकरवाला कोरडवाहू घ्या. मागे ठिबक आणि नवा ट्रॅक्टर दिसला की पहिलं वाक्य येतं, 'त्याला परवडतं.'

आणि पेरणीच्या खोलीसाठी एक युक्ती. पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या, त्यात शेतातलीच काळी माती भरा, कडेला चिकटून दाणे ठेवा: एक ३ सेंटिमीटरवर, एक ५ वर, एक ८ वर. बाहेरून काळा कागद गुंडाळा, रोज दोन मिनिटं काढून फोटो घ्या. आठवड्यात कळतं. सोयाबीन आपली दोन्ही दलं मातीतून ओढत वर आणतं. ज्वारीसारखी सुई काढून येत नाही. खोल पडलेला दाणा, त्यात वरून जोराचा पाऊस होऊन माती आवळली, की ती वाकलेली मान मोडते. हे शंभर वेळा सांगून कळत नाही, बरणीत एकदा दिसलं की तिफणवाला स्वतः दात्यांची खोली बघायला वाकतो. माप सांगताना तर्जनीचं दीड पेर सांगा, ३ ते ४ सेंटिमीटर भरतं.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार, बरणीची युक्ती तर फारच आवडली. बीजप्रक्रियेच्या व्हिडिओबद्दल अजून दोन शंका. आमच्याकडे काही जण बुरशीनाशक आणि रायझोबियम (मुळांवर नत्र बांधणारे जिवाणू) एकाच बादलीत कालवून लावतात, वेळ वाचतो म्हणून. ते चित्रात कसं खोडून काढू? आणि चौथा प्रश्न राहिलाच.

वाफसा

एकत्र कालवलं की बुरशीनाशकात जिवाणू मरतात, पाकिटाचे पैसे वाया. क्रम असा: आधी बुरशीनाशक, कीटकनाशक लावणार असाल तर त्यानंतर, आणि जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी, पेरणीच्या अगदी आधी, सावलीत. बुरशीनाशक दोन-चार दिवस आधी लावून ठेवलं तरी चालतं. व्हिडिओत हे दोन वेगळे प्रसंग करा: पहिला आदल्या दिवशी ओसरीवर, दुसरा पेरणीच्या सकाळी बांधावर झाडाखाली. दोन जागा, दोन वेळा, अंगात वेगळे कपडे. पाहणाऱ्याच्या डोक्यात ही दोन कामं आपोआप वेगळी होतात, समजावत बसावं लागत नाही.

मापं ३० किलोच्या हिशोबात सांगा. कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के हे मिश्रण किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोला ९० ग्रॅम. पाणी पाव लिटर, त्याहून जास्त नको. रायझोबियमची पावडर दहा किलोला २५० ग्रॅम, म्हणजे तीन पाकिटं. रासायनिक नको असेल तर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) किलोला ८ ते १० ग्रॅम, पण मग बुरशीनाशक लावायचं नाही, दोन्हींपैकी एकच. '९० ग्रॅम'ला घरात वजनकाटा नसतो. किराणा दुकानात एकदा मोजून, त्याच पावडरीची पातळी प्लॅस्टिकच्या पेल्यावर रेघ मारून दाखवा. तोच पेला दुसऱ्या औषधाला चालत नाही हेही म्हणा, कारण पावडरीचं वजन वेगवेगळं असतं. आणि तो पेला परत चहाला जाणार नाही म्हणून त्याला भोक पाडताना दाखवा.

चोळण्याचं दृश्य जपून घ्या. भुईमूग-हरभऱ्याच्या सवयीने लोक सोयाबीन दोन्ही हातांनी रगडतात. याचं टरफल पातळ, आतला अंकुर अगदी टरफलाला लागून. रगडलं की इजा होते. पाणी जास्त झालं तर टरफल सुरकुततं आणि सुटतं. ताडपत्रीवर बियाणं पसरून औषध शिंपडायचं, दोघांनी चार कोपरे धरून इकडून तिकडे लोळवायचं, १०-१५ वेळा. मग सावलीत सुकवायचं. उरलेलं बियाणं खायला, विकायला किंवा जनावरांना घालायचं नाही, त्याचं पोतं वेगळं ठेवताना दाखवा.

चौथा प्रश्न. 'बीजप्रक्रिया केली का?' असं विचारलंत तर ९० टक्के हो येईल. पेरणीच्या दिवशी चाड्यात हात घाला. दाणा रंगीत आहे का, रिकामं पाकीट दाखवतो का, क्रम विचारल्यावर न अडखळता सांगतो का, या तीन गोष्टी. १४ गावांत सगळ्यांकडे जाणं जमणार नाही. वहीतल्या दर पाचव्या नावाकडे जा, आणि व्हिडिओ न पाहिलेल्या तेवढ्याच शेतकऱ्यांकडेही जा. ते नसतील तर तुमच्या आकड्याला काही अर्थ नाही, कारण काही जण व्हिडिओशिवायही करतच होते.

पेरणीनंतर १०-१२ दिवसांनी एक मोजणी. एक मीटरची काठी तासाला लावून रोपं मोजा, शेतात पाच ठिकाणी, बांधापासून दूर. ४५ सेंटिमीटरच्या तासाला एकरी ३० किलो पडलं आणि १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅमच्या आसपास असेल, तर मीटरला २७-२८ दाणे पडतात. ७० टक्के उगवले तर १९-२० रोपं. १२-१३ दिसली तर शोध घ्या. बियाणं, खोली, की पाऊस? मातीत बोट घालून न उगवलेला दाणा काढा: कुजलेला असेल तर बुरशी किंवा पाणी साचणं, मान मोडलेली असेल तर खोली, तसाच कोरडा असेल तर ओल. हा एक मिनिटाचा तपास चित्रित करून ठेवा, पुढच्या वर्षीच्या व्हिडिओची पहिली ३० सेकंदं तिथेच मिळाली.

एकरी उतारा मात्र व्हिडिओच्या खात्यात मांडू नका. ऑगस्टमध्ये २१ दिवस पावसाने ओढ दिली तर तुमचं सगळं काम बरोबर असूनही आकडा खाली येईल, आणि संचालक मंडळ प्रोजेक्टर विकायला काढेल.

बांधावरची

भर घालते: पाहणी करायला दाखवणाऱ्या बाईलाच पाठवलंत तर लोक तिला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात, आणि तीही हो लिहून घेते. शेजारच्या गावची पाठवा, अदलाबदल करून. मानधन 'किती जणांनी केलं' यावर ठरवू नका, नाहीतर वही छान भरेल आणि बियाणं पिवळंच राहील. किती खेळ झाले, किती प्रश्न लिहून आले आणि किती पाहण्या झाल्या यावर द्या.

तेरणाकाठ

समजलं. उगवण चाचणीचं शूटिंग या रविवारी लावतो. गोणपाट आणि माइक दोन्ही आधी तपासून घेतो. तीन एकरवाल्या एका ताईंनी होकार दिलाय, ओसरी पूर्वेला आहे त्यामुळे सकाळी आठला उजेड मिळेल. सहा दिवस त्याच जागेवरून दृश्य घ्यायचं तर फोन कशावर टेकवू? स्टँड नाही.

चाडं_नळी

पाट उलटा ठेवून त्यावर दोन विटा, मध्ये फोन. पाटाच्या चारही पायांभोवती खडूने खूण करा, म्हणजे कुणी सारवायला पाट उचलला तरी परत तिथेच ठेवता येईल. आणि त्या ताईंना सांगून ठेवा, सहा दिवस गुंडाळी कोंबड्यांपासून जपायची.